लॉराने हात धरला नाही

१९५२ सालची एक इंग्लिश फिल्म आहे. कृष्णधवल, पाऊण तासाची. 'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल' असं सरळसोट नाव. गोष्ट म्हणाल तर एका ओळीत संपते. लॉरा नावाची दोन वर्षं पाच महिन्यांची मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस हॉस्पिटलमध्ये राहते आणि बरी होऊन घरी जाते. बास. ऑपरेशन नीट होतं, नर्सेस प्रेमळ आहेत, कुणी तिच्यावर ओरडत नाही. आणि तरी ही फिल्म पहिल्यांदा दाखवली तेव्हा लंडनमधले भलेभले डॉक्टर भडकले होते.

का भडकले ते सांगायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

न बोलता माया कशी कळते, जवळीक कशी दिसते, यावर आजकाल पुस्तकांचा पाऊस आहे. एअरपोर्टवरच्या दुकानात बॉडी लँग्वेजचा अख्खा कप्पा असतो. हात असे ठेवा, डोळ्यांत असं बघा, की समोरचा तुमचाच. मला स्वतःला त्या पुस्तकांचा कंटाळा येतो. पण या विषयाचा जो खरा इतिहास आहे तो जबरदस्त आहे. त्याचा मोठा भाग हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये घडला आणि त्यातली मुख्य पात्रं तीन वर्षांखालची होती, ज्यांना धड बोलताच येत नव्हतं.

तर, १९२८. अमेरिकेत जॉन वॉटसन (शेरलॉकवाला नव्हे, मानसशास्त्रज्ञ) याने आपली बायको रोझली रेनर हिच्या मदतीने मुलांच्या संगोपनावर एक पुस्तक लिहिलं. हा माणूस साधासुधा नव्हता, बिहेव्हिअरिझम म्हणून जो पंथ आहे त्याचा हा संस्थापक. त्याचा सल्ला काय? तर मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री झोपताना कपाळावर एकदा ओठ टेका. आणि सकाळी? सकाळी शेकहँड करा. शेकहँड! पोटच्या पोराशी, जसं काही अप्रेझल मीटिंग आहे. हसू येतं, पण पुस्तक धडाक्याने खपलं. लाड म्हणजे मुलाला कमकुवत करणं, ही त्या काळच्या शिकल्यासवरल्या लोकांची समजूतच होती.

हॉस्पिटलांचं वेगळंच. तिथे भीती होती जंतूंची, आणि ती खरी होती. अँटिबायोटिक्स येण्याआधी घटसर्प किंवा स्कार्लेट फीव्हर वॉर्डात शिरला की मुलं पटापट दगावायची. त्यामुळे बाहेरच्यांना, म्हणजे आईबापांनाही, आत यायची बंदी. इथपर्यंत समजू शकतो. पण पुढे पेनिसिलीन आलं तरी बंदी तशीच राहिली, फक्त कारण बदललं. नवीन कारण असं : आईबाप भेटून गेले की मुलं रडून गोंधळ घालतात. भेटलेच नाहीत तर दोन-चार दिवसांत गप्प होतात. म्हणजे रुळतात.

या 'रुळतात' शब्दाकडे लक्ष ठेवा.

१९४९ मध्ये लंडनच्या हॉस्पिटलांमधल्या भेटीच्या वेळांची एक यादी छापून आली होती. गाय्ज हॉस्पिटल : रविवारी २ ते ४. सेंट बार्थोलोम्यूज : बुधवारी २ ते साडेतीन. सेंट थॉमस : पहिला महिना भेट नाही, पण संध्याकाळी ७ ते ८ या वेळात झोपलेलं मूल बघता येईल. आणि लंडन हॉस्पिटल : तीन वर्षांखालच्या मुलांना भेट नाही, आईबापांनी पार्टिशनमधून बघावं. ही सगळी लंडनमधली नावाजलेली, मोठी हॉस्पिटलं बरं का. आणि हे नियम करणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण मुलांचं भलंच करतोय. वॉर्ड शांत होता ना!

आता एंट्री घेतो आपला हीरो. जेम्स रॉबर्टसन, जन्म १९११, ग्लासगोजवळच्या कामगार घरातला. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइडने (सिग्मंडची मुलगी) लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धामुळे घराबाहेर पडलेल्या मुलांसाठी निवासी पाळणाघरं काढली होती, तिथे हा बॉयलर सांभाळायचा आणि पडेल ते काम करायचा. ॲना फ्रॉइडचा एक नियम मला फार आवडतो. तिथल्या प्रत्येकाने, मग तो स्वयंपाकी असो की बॉयलरवाला, मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहायचं. स्वतःचं मत द्यायचं नाही, फक्त काय दिसलं ते. मग त्या कार्डांवर चर्चा व्हायची. बॉयलरवाला रॉबर्टसन तिथे 'बघायला' शिकला.

१९४८ मध्ये जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने त्याला टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये नोकरी दिली. काम काय तर हॉस्पिटलमधल्या लहान मुलांचं निरीक्षण. रॉबर्टसन सेंट्रल मिडलसेक्स हॉस्पिटलच्या वॉर्डात जाऊन बसायला लागला, आणि त्याला जे दिसलं त्याने तो हादरला. त्याच्या मते मूल तीन अवस्थांमधून जात होतं. आधी निषेध : रडणं, कठडे हलवणं, दाराकडे डोळे लावणं. मग हताशा : रडणं कमी होतं, मूल गप्प होतं, कशात रस नसतो. आणि मग तिसरी, जिला त्याने आधी नकार आणि पुढे अलिप्तता म्हटलं. यात मूल हसतं, खातं, कुठल्याही नर्सकडे जातं; आणि आई आली की तिच्याकडे धड बघतही नाही.

वॉर्डातले लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेला 'रुळलं' म्हणत होते!

माझ्यासारख्या सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे लगेच कळतं. सगळ्यात भीतीदायक सर्व्हिस ती नसते जी लॉगमध्ये एरर ओकत असते. भीतीदायक ती, जी एररच द्यायची थांबली आहे आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार दिसतंय.

रॉबर्टसनने दोन-तीन वर्षं डॉक्टरांना सांगून पाहिलं. कोण ऐकणार? ना डॉक्टर, ना प्रोफेसर, आणि सांगतोय काय तर 'मुलं दुःखी आहेत'. तेव्हा त्याने ठरवलं की सांगत बसण्यापेक्षा दाखवूया. हातात धरायचा सिने कॅमेरा घेतला, जो त्याने आधी कधी चालवला नव्हता. पण आक्षेप कुठून येणार हे त्याला पक्कं माहीत होतं. 'तुम्ही मुद्दाम रडकं मूल निवडलंत' म्हणतील, म्हणून मूल वेटिंग लिस्टमधून चिठ्ठी टाकल्यासारखं निवडलं. 'मुद्दाम रडतानाचे क्षण टिपलेत' म्हणतील, म्हणून रोज ठराविक वेळीच शूटिंग करायचं, आणि पुरावा म्हणून वॉर्डातलं घड्याळ फ्रेममध्ये ठेवायचं. टेस्ट प्लॅन कसा लिहावा याचा धडाच आहे हा!

आणि नशीब बघा, निवड झाली लॉराची. ती वयाच्या मानाने विलक्षण समजूतदार, स्वतःला आवरणारी मुलगी निघाली. फारशी रडेचना! रॉबर्टसनला वाटलं, संपलं, फिल्म फुकट गेली. प्रत्यक्षात झालं उलटंच. लॉरा भोकाड पसरत नाही म्हणूनच बघणाऱ्याला तिच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागतं. ती आपल्या टेडीला आणि घरून आणलेल्या जुन्या ब्लँकेटला घट्ट धरून असते. नर्सशी खेळता खेळता, आवाज न चढवता, मध्येच आईबद्दल विचारते आणि पुन्हा खेळायला लागते. चेहरा कसानुसा होतो, ती तो सावरते. मोठी माणसं ऑफिसच्या मीटिंगमध्ये सावरतात ना, अगदी तसा. अडीच वर्षांच्या पोरीला हे जमतं हे बघवत नाही.

शेवटच्या दिवशी आई न्यायला येते. लॉरा आपली एकूण एक वस्तू गोळा करते, काही मागे ठेवायला तयार नसते. दोघी निघतात. आई हात पुढे करते. लॉरा तो धरत नाही. वेगळी चालत राहते.

एवढंच. पण आठ दिवसांत काय झालं ते त्या न धरलेल्या हातात सगळं आहे.

नोव्हेंबर १९५२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये फिल्म दाखवली गेली आणि सभागृहात गदारोळ झाला. ही मुलगी अपवाद आहे, आमच्या वॉर्डातली मुलं आनंदात असतात, हा आमच्या पेशावर हल्ला आहे. चिडलेल्यांमध्ये डर्मड मॅकार्थी नावाचे एक बालरोगतज्ज्ञही होते. फरक एवढाच की ते चिडून आपल्या हॉस्पिटलला, लंडनबाहेरच्या ॲमरशमला, परत गेले आणि स्वतःच्या वॉर्डात नव्याने बघायला लागले. तिथल्या सिस्टर आयव्ही मॉरिस यांनीही सांगितलं की फिल्ममध्ये आहे ते खरं आहे. मॅकार्थींनी आयांना वॉर्डात राहायची मुभा दिली. १९५८ मध्ये रॉबर्टसनने दुसरी फिल्म काढली, आईसकट हॉस्पिटलमध्ये राहिलेल्या मुलीची, ती याच ॲमरशममध्ये. मला विचाराल तर या सगळ्या कथेतला सगळ्यात मोठा माणूस मॅकार्थी. आधी संतापून, मग जाऊन तपासून बघणारे लोक आपल्याकडे किती असतात?

१९५९ मध्ये सरकारी प्लॅट समितीचा अहवाल आला : आईबापांना भेटीच्या वेळेचं बंधन नको, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या. अर्थात अहवाल आला म्हणजे काम झालं असं तिकडेही नसतं. १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसीमधल्या काही आयांनी संघटना काढली आणि हॉस्पिटल-हॉस्पिटलला जाऊन पाठपुरावा केला, तेव्हा कुठे दारं हळूहळू उघडली.

(तुम्ही म्हणाल, हार्लो आणि त्याची माकडं कुठायत? तारेची आई, फडक्याची आई, दूध तारेच्या आईकडे असूनही पिल्लू दिवसचे दिवस फडक्याला बिलगून. १९५८ चं त्याचं भाषण गाजलं, कारण स्पर्श ही भुकेइतकीच मूळ गरज आहे हे त्याने दाखवलं. पण तो प्रयोग सगळ्यांना पाठ आहे, आणि त्या पिल्लांचे जे हाल झाले त्याबद्दल लिहायची आज इच्छा नाही.)

रॉबर्टसनची निरीक्षणं बोल्बीच्या ऑफिसात बसून वाचणारी एक बाई होती, मेरी एन्सवर्थ. १९५४ मध्ये नवऱ्याला युगांडात काम मिळालं म्हणून ती कंपालाला गेली. (डिपेंडंट व्हिसावर जाणाऱ्या मैत्रिणींनो, पुढे वाचा!) तिथे तिने रिकामं न बसता आसपासच्या गावांतल्या २६ घरांमध्ये जाऊन २८ बाळांचं कित्येक महिने निरीक्षण केलं. आई खोलीबाहेर गेली की बाळ काय करतं, कुणाकडे रांगत जातं, कुणाच्या अंगावर चढतं, घाबरलं की कुठे लपतं. तिला एक मजेशीर गोष्ट दिसली. तिथली बाळं आई परत आली की टाळ्या वाजवून स्वागत करायची. मिठी-पापा हा अमेरिकन थाट तिथे फारसा नव्हता.

हे वाचल्यावर मला आपल्याकडचं आठवलं. आपले बाबा लोक स्टेशनवर मिठी कुठे मारतात? ते आधी हातातली जड बॅग काढून घेतात आणि 'गाडी लेट होती का?' विचारतात. जवळीक तीच, भाषा वेगळी. बॉडी लँग्वेजच्या त्या एअरपोर्टवाल्या पुस्तकांवर माझा राग आहे तो यासाठीच. ती पुस्तकं खूण सांगतात, ती कुणाच्या घरातली हे सांगत नाहीत.

पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला एन्सवर्थने सुमारे वीस मिनिटांचा एक प्रयोग बसवला. वर्षाचं बाळ, आई, एक अनोळखी बाई, खेळणी असलेली खोली. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. सगळ्यांना वाटतं की महत्त्वाचं काय, तर आई गेल्यावर बाळ किती रडतं. एन्सवर्थ बघत होती आई परत आल्यावरचे क्षण. बाळ सरळ तिच्याकडे येतं का? कडेवर घेतल्यावर अंग सैल सोडतं की ताठ ठेवतं? येता येता मध्येच वळून खेळण्याकडे जातं का? नजर चुकवतं का? यातल्या प्रत्येक गोष्टीला १ ते ७ असे मार्क.

यात एक गट असा निघाला की ज्यातली बाळं आई गेली तरी रडत नव्हती आणि आली तरी ढुंकून बघत नव्हती. खेळण्यात दंग. बघणारा म्हणेल, वा, किती स्वावलंबी! एन्सवर्थला मात्र ती लॉराच्या जातीची वाटली, आई परत आल्यावर तिच्यापासून तोंड फिरवणाऱ्या हॉस्पिटलमधल्या मुलांसारखी. १९७७ मध्ये ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून प्रसिद्ध केले. चेहरा शांत, हात खेळण्यावर, आणि ठोके वाढलेले. १९९३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, त्यातही ताण दिसला. रॉबर्टसनने जे नुसतं बघून ओळखलं होतं ते पंचवीस वर्षांनी मशीनवर आलं.

या प्रयोगावर टीकाही भरपूर झाली आणि ती योग्य आहे. जपानमध्ये जे बाळ कधी एकटं ठेवलंच जात नाही ते त्या खोलीत आकांत करणारच, त्यावरून त्याचं आईशी नातं कमकुवत असं कसं म्हणणार? शिवाय बोल्बीने सगळा भार 'आई'वर टाकला, बाप आणि आजी जणू नसतातच. आपल्या घरांमधली दहा हातांवर वाढलेली पोरं त्याने पाहिली असती तर बरं झालं असतं.

आता हे सगळं मी का वाचत बसलो, तर काही वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीचं, ताईचं, बाळ दोन महिने आधी जन्मलं. पुण्यातलं चांगलं, महागडं हॉस्पिटल. बाळ एनआयसीयूत. ताईला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, काचेच्या बाहेरून. माझं काम फक्त डबा पोचवायचं, त्यामुळे तास न् तास बाहेरच्या खुर्च्यांवर बसून मी ती काच बघितली आहे. सिस्टर बाहेर येऊन सांगायच्या, 'काही त्रास नाही हो, एकदम शांत आहे.' ताई मान डोलवायची आणि काचेला हात लावून उभी राहायची. १९४९ च्या यादीतलं ते पार्टिशन वाचलं तेव्हा मला ही काचच दिसली.

खरं तर तोवर उत्तर सापडून तीस-चाळीस वर्षं झाली होती. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरकडे इन्क्युबेटर पुरत नव्हते, एकेकात दोन-तीन बाळं, इन्फेक्शन पसरत होतं. त्याने कमी वजनाची बाळं आईच्या छातीला उघड्या अंगाने बांधली, कांगारूसारखी. पुढच्या वर्षी हेक्टर मार्टिनेझ त्याला येऊन मिळाला. गरिबीतला जुगाड म्हणून सुरू झालेली ही पद्धत जगभर गेली. आपल्या मुंबईच्या केईएममध्ये दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर रीतसर चाचणी झाली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. कांगारू पद्धतीतल्या बाळांचं वजन जास्त वेगाने वाढलं आणि अंग गार पडण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणजे ताई जिथे काचेबाहेर उभी होती तिथून एक्सप्रेसवेने तीन तासांवर हे सिद्ध झालेलं होतं!

अकराव्या दिवशी तिथल्याच एका तरुण डॉक्टर मॅडमनी विषय काढला. गाऊन, टोपी, आरामखुर्ची, आणि ताईच्या छातीवर मुठीएवढं बाळ. भावोजींनीही पुढे शर्टाची बटणं काढून नाइट शिफ्ट केली. आयटीत असल्यामुळे जागरणाची सवय होतीच!

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. घाना, भारत, मलावी, नायजेरिया, टांझानिया, एकूण ३,२११ बाळं, वजन एक किलो ते एक किलो ८०० ग्रॅमच्या आत. बाळ 'स्थिर' होण्याची वाट न बघता जन्मल्या जन्मल्या आईच्या अंगाशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के. नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली. २०२२ पासून संघटनेची शिफारसही तीच आहे. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ एनआयसीयूत असेल तर डॉक्टरांना 'कांगारू केअर कधी सुरू करता येईल?' एवढं जरूर विचारा. लाजू नका.

चला, रविवार संपला. उद्या सकाळी रिलीज आहे.

ता. क. : लॉराचं पुढे काय झालं ते राहिलंच. घरी गेल्यावर ती काही दिवस चिडचिडी होती, मग पूर्ववत झाली, सगळे विसरले. साधारण सहा महिन्यांनी तिच्या आईवडिलांना ही फिल्म दाखवली जात होती, तेव्हा ती अचानक खोलीत आली आणि तिने शेवटचा भाग बघितला. दिवे लागल्यावर ती लालबुंद झाली होती. आई, तू तेव्हा होतीस कुठे, असं तिने विचारलं आणि रडायला लागली. आईने जवळ घ्यायला हात पुढे केले. लॉरा वळून बाबांकडे गेली.